उजव्या चक्राचें रक्षण

महाभारताचें युद्ध ज्यांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलें आहे, त्यांना अर्जुन ठाऊक असतो, त्याचा सारथि ठाऊक असतो, ध्वजावरचा वानरहि ठाऊक असतो. परंतु अर्जुनाच्या रथाच्या दोन चाकांपाशीं कोण होतें, असें विचारलें तर भलेभले गप्प बसतात. युधामन्यु व उत्तमौजा हे पांचाल वीर अर्जुनाचे चक्ररक्षक होते. पहिला डाव्या चाकाशीं, दुसरा उजव्या. रथी समोर पाहून बाण सोडी. त्याच्या कुशीवर कोणी चालून येऊं नये एवढें पाहणें हें यांचें काम. गीतेच्या पहिल्याच अध्यायांत दोघांचीं नांवें एकत्र आलेलीं आहेत. नित्यपाठ करणाऱ्यांच्या मुखांतून तीं रोज निघतात, पण ध्यानांत कोणाच्या राहत नाहींत.

फुटबॉलच्या खेळांतहि हाच न्याय आहे. अकरा खेळाडूंपैकीं गोल करणाराचें नांव दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत येतें. जो गोल झालाच नाहीं, त्याची बातमी कोण छापणार? मागच्या फळींतला खेळाडू, म्हणजे बॅक, याचें सारें पुण्य अशा न घडलेल्या गोष्टींत सांठविलेलें असतें. शंभर वेळां त्यानें चेंडू अडविला तर तें त्याचें कर्तव्य. एकदां चुकला तर सारें मैदान त्याच्याकडे बोट दाखवितें. आमच्या शिक्षकी पेशांतील मंडळींस ही स्थिति निराळी समजावून सांगावयास नको.

अशाच एका चक्ररक्षिकेची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव सौ. जॉय फॉसेट. अमेरिकेच्या स्त्रियांच्या संघांत सन १९८७ पासून २००४ पर्यंत, म्हणजे सुमारें सतरा वर्षें, त्या खेळल्या. आंतरराष्ट्रीय सामने सुमारें २४०, स्वतः केलेले गोल २७, मुली तीन. हा तिसरा आंकडा खेळाच्या कोष्टकांत घालण्याची रीत नाहीं. पण आमच्या मतें पहिल्या दोहोंचें मोल त्यावांचून कळावयाचें नाहीं.

फॉसेटबाईंचा जन्म ता. ८ फेब्रुवारी १९६८ रोजीं कॅलिफोर्नियांतील इंगलवुड येथें झाला. माहेरचें आडनांव बीफेल्ड. बालपण त्याच प्रांतांत, समुद्रकांठच्या हंटिंग्टन बीच या गांवीं गेलें. त्या चार वर्षांच्या असतांना, सन १९७२ मध्यें, अमेरिकेंत शिक्षणविषयक एक कायदा झाला. त्याचें नववें कलम लहानसें आहे: सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षणसंस्थेंत स्त्री किंवा पुरुष म्हणून कोणास वगळतां कामा नये, असा त्याचा आशय. कलमांत खेळ हा शब्दसुद्धां नाहीं. पण संस्थांच्या खेळांवर होणारा खर्चहि शिक्षणाचाच भाग ठरला, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत तेथील कॉलेजांतून मुलींचे संघ उभे राहिले. सन १९८२ मध्यें कॉलेजांतील मुलींच्या सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. (सॉकर म्हणजे आपला फुटबॉलच. फुटबॉल हें नांव अमेरिकनांनीं दुसऱ्याच एका खेळास देऊन टाकलें आहे, ज्यांत पायांपेक्षां हातांचें काम अधिक!) कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें मुख्यतः वैद्यकीचे व वकिलीचे वर्ग होते, मैदानें त्यामागून आलीं.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत शिकत असतां कुमारी बीफेल्ड या पुढच्या फळींत खेळत व गोल करीत. तेथें त्यांनीं पन्नासांहून अधिक गोल केले. राष्ट्रीय संघांत मात्र त्यांना हळूहळू मागें आणण्यांत आलें. गोल करण्याची संवय लागलेल्या माणसास गोल वांचविण्याच्या कामावर नेमणें म्हणजे कीर्तनकारास मृदंगावर बसविण्यासारखें आहे. पुष्कळांस तें मानवत नाहीं. यांना मानवलें, इतकेंच नव्हे, तर आपली जुनी विद्या त्यांनीं गुंडाळून ठेविली नाहीं. उजव्या बगलेनें चेंडू घेऊन पार दुसऱ्या टोंकापर्यंत धांवत जावें, तेथें आपल्या मैत्रिणीस तो द्यावा, आणि शत्रूच्या हातीं चेंडू लागण्यापूर्वीं पुन्हां आपल्या जागीं येऊन उभें राहावें, ही त्यांची रीत.

त्या संघाची त्या वेळची सांपत्तिक स्थिति ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या स्त्रियांचा संघ आपला पहिला सामना सन १९८५ मध्यें इटालींत खेळला. त्या मुलींस पुरुषांचे ढगळ पोषाख मिळाले होते. ते रात्रीं बसून अंगाबेतानें शिवून घ्यावे लागले. हातखर्चास दिवसाचे दहा डॉलर. दोन वर्षांनीं, १९८७ सालीं, आमच्या चरित्रनायिका संघांत आल्या तेव्हां परिस्थिति फारशी पालटली नव्हती. १९९१ सालीं चीनमध्यें स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. बायकांचा दम पुरेल कीं नाहीं या शंकेनें असेल, सामने नव्वदांऐवजीं ऐशीं मिनिटांचे ठेवले होते. ग्वांगझाऊ येथील अंतिम सामन्यांत अमेरिकेनें नॉर्वेचा २ विरुद्ध १ गोलांनीं पराभव केला. दोन्ही गोल मिशेल एकर्स यांचे. जगज्जेत्या होऊन परतलेल्या त्या मुलींच्या स्वागतास विमानतळावर गर्दी म्हणावी अशी नव्हती.

यानंतर विवाह झाला. १९९३ सालीं लॉस एंजलिस येथील विद्यापीठांत मुलींचा सॉकर-संघ नव्यानें निघाला, त्याच्या पहिल्या मार्गदर्शक म्हणून फॉसेटबाईंची नेमणूक झाली. १९९४ च्या मे महिन्यांत पहिली कन्या झाली. आतां राष्ट्रीय संघ, विद्यापीठ व पाळणा अशी ही रोजची त्रिस्थळी यात्रा.

येथें आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. त्या काळीं या खेळांतील सर्वमान्य समजूत अशी होती कीं, अपत्य झालें म्हणजे स्त्रीचा खेळ संपला. याचा कोठें लेखी नियम नव्हता. लेखी नसलेले नियमच अधिक कडक पाळले जातात. शरीर पूर्ववत् होईल काय, हा एक प्रश्न. तें झालें तरी महिना-महिना चालणाऱ्या शिबिरांस व परदेशच्या दौऱ्यांस मूल कोठें ठेवावयाचें, हा दुसरा. आणि खरा अडसर तोच. पहिल्या प्रश्नास फॉसेटबाईंनीं मैदानावर उत्तर दिलें. दुसऱ्याचें उत्तर एकटीनें देण्यासारखें नव्हतें. त्यांनीं मुलीस घरीं ठेविलें नाहीं, बरोबर नेलें. शिबिरांत, आगगाडींत, विमानांत, उपाहारगृहांत, जेथें संघ तेथें मूल. पुढें संघाच्या कर्णधार कार्ला ओव्हरबेक यांनाहि मुलगा झाला, आणि मागच्या फळींत दोन माता उभ्या राहिल्या. प्रवासांत मुलें सांभाळणाऱ्या बाईचा खर्च संघाच्या चालकांनीं सोसावा, अशी मागणी होऊन ती मान्य झाली. ऐकावयास ही बाब किरकोळ वाटेल. किती कर्तबगार स्त्रियांचीं कामें केवळ "मूल कोणाजवळ ठेवूं?" या तीन शब्दांपाशीं अडलीं, याचा ज्यांनीं आपल्याच घरांत विचार केला असेल त्यांना ती किरकोळ वाटणार नाहीं.

आमच्याच शाळेंतील एक विद्यार्थिनी आम्हांस आठवते. खो-खोंत तिच्यासारखी चपळ मुलगी तालुक्यांत नव्हती. लग्नानंतर तीन-चार वर्षांनीं ती मुलास कडेवर घेऊन शाळेच्या मैदानाशीं उभी असलेली दिसली. खेळतेस का, असें आम्हीं सहज विचारलें. "गुरुजी, आतां कसलें खेळणें!" असें म्हणून ती हंसली. त्या वेळीं आम्हांलाहि तें उत्तर अगदीं योग्य वाटलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. किंबहुना मुलींचा खेळाचा तास मागून घेऊन त्यांत शब्दरूपावली घोकून घेण्याचें पातक आम्हीं अनेकदां केलेलें आहे.

असो. १९९५ ची जागतिक स्पर्धा स्वीडनमध्यें झाली, तेव्हां पहिली कन्या एक वर्षाची होती. त्या स्पर्धेंत फॉसेटबाई प्रत्येक सामन्याचें प्रत्येक मिनिट मैदानावर होत्या. उपांत्य सामना नॉर्वेनें जिंकला. अमेरिकेस तिसरें स्थान मिळालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निराळेंच युद्ध उभें राहिलें. दुसऱ्या वर्षीं अटलांटाच्या ऑलिंपिक स्पर्धेंत स्त्रियांचा फुटबॉल प्रथमच खेळला जाणार होता. संघाच्या चालकांनीं स्त्रियांस बक्षिसाची रक्कम देऊं केली ती केवळ सुवर्णपदक मिळाल्यास. पुरुषांस मात्र कोणतेंहि पदक चालणार होतें. नऊ अनुभवी खेळाडूंनीं करारावर सही करण्याचें नाकारलें. त्यांत फॉसेटबाई होत्या. नवांनाहि शिबिराचे दरवाजे बंद झाले. पुढें तडजोड झाली व त्या परत आल्या. एका लेकराची आई असलेल्या व उत्पन्न बेताचें असलेल्या स्त्रीनें ऑलिंपिक सात-आठ महिन्यांवर आलेलें असतांना असा धोका पत्करणें, हें चेंडू अडविण्याहून सोपें खास नव्हे.

ता. १ ऑगस्ट १९९६ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील अथेन्स गांवीं अंतिम सामना झाला; प्रतिपक्ष चीन, प्रेक्षक ७६,००० हून अधिक. एकास एक अशी बरोबरी असतां अडुसष्टाव्या मिनिटास फॉसेटबाई आपली जागा सोडून उजव्या बगलेनें निघाल्या, सरळ गोलच्या तोंडापर्यंत गेल्या, आणि स्वतः न मारतां चेंडू टिफेनी मिल्ब्रेट यांच्या पुढ्यांत घातला. मिल्ब्रेट यांनीं तो आंत लोटला. सुवर्णपदक त्या गोलानें आलें. धांवफलकावर नांव मिल्ब्रेट यांचें लागलें. तें योग्यच आहे. पण तो गोल पाहावयाचा असेल तर शेवटचे दोन क्षण न पाहतां आधींचे दहा पाहावेत, असें आम्ही सुचवितों.

१९९७ सालीं दुसरी कन्या झाली, आणि विद्यापीठाची नोकरी त्यांनीं सोडली. त्रिस्थळींतलें एक स्थळ कमी झालें. कोणतें सोडावें हा निर्णय त्यांचा होता. खेळ सुटला नाहीं.

आतां १९९९ सालची गोष्ट. जागतिक स्पर्धा अमेरिकेंतच होती. ता. १ जुलै रोजीं मेरीलंड संस्थानांत जर्मनीशीं सामना पडला. पांचव्याच मिनिटास ब्रँडी चॅस्टेन यांनीं चेंडू मागें आपल्या गोलरक्षिकेकडे वळविला. गोलरक्षिका ब्रायना स्कर्री पुढें सरसावलेल्या होत्या. एकीची हाक दुसरीच्या हिशेबांत आली नाहीं, आणि चेंडू आपल्याच गोलांत गेला. मागच्या फळींतील खेळाडूच्या आयुष्यांत याहून वाईट क्षण नाहीं. मध्यंतराच्या वेळीं अमेरिका १ विरुद्ध २ अशी मागें होती. मध्यंतरानंतर चॅस्टेनबाईंनींच गोल करून आपल्या चुकीची भरपाई केली. सहासष्टाव्या मिनिटास अमेरिकेस कॉर्नर मिळाला. शॅनन मॅकमिलन त्याच क्षणीं बदली म्हणून मैदानांत आल्या होत्या. त्यांचा पहिलाच स्पर्श म्हणजे ती कॉर्नर. चेंडू जवळच्या खांबाकडे आला, आणि मागून येऊन फॉसेटबाईंनीं तो डोक्यानें आंत घातला. ३ विरुद्ध २. हाच शेवटचा गोल. तो झाला नसता तर पुढें जें जें घडलें, जीं छायाचित्रें जगभर गाजलीं, त्यांपैकीं कांहींच झालें नसतें.

अंतिम सामना ता. १० जुलै रोजीं पासाडेना येथील रोझ बोल या मैदानावर, फॉसेटबाईंच्या जन्मगांवापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, भर उन्हांत झाला. प्रेक्षक ९०,१८५. स्त्रियांच्या अधिकृत सामन्यास एवढी गर्दी त्यापूर्वीं झालेली नव्हती. हा आंकडा २०२२ सालीं बार्सिलोना येथें ओलांडला गेला. समोर पुन्हां चीन. नव्वद मिनिटें आणि वर तीस मिनिटें, एकूण दोन तास, कोणाचाच गोल झाला नाहीं. अधिक वेळांत चीनच्या फान युंजिए यांनीं डोक्यानें मारलेला चेंडू क्रिस्टीन लिली यांनीं गोलच्या रेषेवरून डोक्यानेंच परतविला. मग पेनल्टी. पांच जणींनीं एकामागून एक मारावयाचे. अमेरिकेनें या पांचांत मागच्या फळींतील तिघी नेमल्या: पहिल्या ओव्हरबेक, दुसऱ्या फॉसेट, शेवटच्या चॅस्टेन. गोल करणें हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय, त्यांच्यापेक्षां ज्यांचें मन अशा वेळीं डगमगत नाहीं अशांस निवडलें, असा आम्ही याचा अर्थ करतों. फॉसेटबाईंनीं आपली पेनल्टी शांतपणें आंत घातली. चीनची तिसरी पेनल्टी स्कर्री यांनीं अडविली. शेवटची चॅस्टेन यांनीं मारली, आणि त्यांचें त्या क्षणाचें चित्र जगांतील यच्चयावत् वर्तमानपत्रांनीं छापलें. सहा सामन्यांच्या त्या स्पर्धेंत खेळ चालू असतां अमेरिकेवर एकंदर तीनच गोल झाले, त्यांतला एक स्वतःचाच. या आंकड्याचें चित्र निघत नाहीं. फॉसेटबाई या वेळीं एकतीस वर्षांच्या, दोन मुलींच्या आई. एक पांच वर्षांची, एक दोन वर्षांची. आणि १९९५ प्रमाणेंच याहि स्पर्धेंतून त्या एक मिनिटहि बाहेर बसल्या नाहींत.

पुढचें थोडक्यांत सांगतों. सन २००० मध्यें सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम सामना नॉर्वेनें अधिक वेळांत जिंकला, रौप्यपदक मिळालें. २००१ सालीं अमेरिकेंत स्त्रियांची धंदेवाईक लीग सुरू झाली, व फॉसेटबाई सॅन डिएगोच्या संघांत गेल्या. जूनमध्यें तिसरी कन्या झाली, आणि त्याच उन्हाळ्यांत त्या पुन्हां मैदानांत दिसूं लागल्या. ही लीग तीनच वर्षें टिकली. १९९९ ची गर्दी हा एक उत्सव होता. उत्सवास येणारी माणसें रोजच्या देवपूजेस येतातच असें नाहीं. सप्टेंबर २००३ मध्यें, जागतिक स्पर्धा अवघ्या पांच दिवसांवर आली असतां, चालकांनीं काम थांबविलें. त्या स्पर्धेंत, पस्तीसाव्या वर्षीं, तीन मुलींच्या मातेनें पुन्हां एकदां प्रत्येक मिनिट खेळून काढलें. जर्मनीनें उपांत्य सामन्यांत अमेरिकेस हरविलें. तिसरें स्थान मिळालें. २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें, या वेळीं खऱ्या अथेन्समध्यें, अमेरिकेस सुवर्णपदक मिळालें, आणि मिया हॅम व ज्युली फाउडी यांच्याबरोबर फॉसेटबाईंनीं निवृत्ति पत्करली. अमेरिकन स्त्री-संघाच्या मागच्या फळींतील खेळाडूंत तोंपर्यंत सर्वांत अधिक गोल त्यांचे होते. २००९ सालीं राष्ट्रीय सॉकर-कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव दाखल झालें.

त्यांनीं रुळविलेल्या वाटेनें पुढें कोण गेलें, हेंहि पाहण्यासारखें आहे. क्रिस्टी रॅम्पोन याहि मागच्या फळींतल्याच. दोन मुलींच्या माता असून २०१२ च्या ऑलिंपिकमध्यें त्या संघाच्या कर्णधार होत्या, आणि २०१५ सालीं चाळीसाव्या वर्षीं जगज्जेत्या संघांत होत्या. ज्या पैशांच्या प्रश्नावरून १९९५ सालीं नऊ जणींस शिबिराबाहेर राहावें लागलें, त्याचा निकाल २०२२ सालीं लागला: पुरुष व स्त्रिया यांस सारखें वेतन देण्याचा करार त्या वर्षीं झाला. आणि १ जानेवारी २०२१ पासून जागतिक फुटबॉल-संस्थेनें नियमच केला आहे कीं, धंदेवाईक स्त्री-खेळाडूस अपत्य झाल्यास निदान चौदा आठवड्यांची रजा, वेतनाच्या निदान दोन-तृतीयांश पगारासह, मिळालीच पाहिजे, व परत आल्यावर तिला संघांत सामावून घेतलें पाहिजे. पहिल्या कन्येच्या जन्मापासून या नियमापर्यंत सव्वीस वर्षें लोटलीं. ती कन्या तोंपर्यंत आईच्या १९९४ सालच्या वयाचीच झाली होती.

निवृत्तीनंतर फॉसेटबाईंनीं शिकविण्याचें काम सोडलें नाहीं. त्यांनीं हातीं घेतलेल्या एका कामाविषयीं आम्हांस विशेष कुतूहल वाटतें: अमेरिकेच्या बधिर स्त्रियांच्या राष्ट्रीय संघाच्या साहाय्यक मार्गदर्शकाचें. बधिरांच्या सामन्यांत ऐकण्याचीं यंत्रें कानांतून काढून ठेवावीं लागतात. पंच शिट्टीबरोबर निशाण हालवितो. मागच्या फळीचें निम्में काम आवाजावर चालतें: "माझा!", "सोड!", "मागें माणूस आहे!" अशा हांका एकसारख्या चालू असतात. ती एक हाक हुकली म्हणजे काय होतें, हें जर्मनीविरुद्धच्या पांचव्या मिनिटास अमेरिकेनें पाहिलें होतें. येथें हाकच नाहीं. मागें उभ्या असलेल्या मुलींनीं धांवतां धांवतां दर दोन क्षणांस मान वळवून एकमेकींचे हात, डोळे व अंगाची ठेवण पाहत राहावयाचें, आणि त्यावरून कोण पुढें जाईल व कोण मागें राहील हें ठरवावयाचें. या संघानें २०२२ सालीं ब्राझीलमध्यें बधिरांच्या ऑलिंपिकचें सुवर्णपदक आणि २०२३ सालीं मलेशियांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें.